जेवायला या म्हटलं म्हणून

पार्वतम्मा जेवायला बसली की रस्त्यावरच्या माणसाची खैर नसते. मेसचं दार सताड उघडं, ताट पुढ्यात, आणि पहिला घास मोडायच्या आधी समोरून जो कुणी जाईल त्याला हाक: "या, जेवाय बसा!" पोस्टमन असो, ॲटोवाला असो, मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस असो. भिंतीला लागून स्कूटी लावली म्हणून जिच्याशी सकाळीच कडाक्याचं भांडण झालं, त्या शेजारणीलाही हाक. आणि ज्याला हाक मारली तो पाय न थांबवता म्हणतो, "होऊ द्या, होऊ द्या, आत्ताच झालं." त्याचं झालेलं नसतं. हे तिलाही माहीत असतं आणि त्यालाही. पण आमच्या लातूर-नांदेडकडे हे म्हटल्याशिवाय घास उतरत नाही आणि ते ऐकून थांबायचं नसतं, हे कुणाला शिकवावं लागत नाही.

या एका सवयीपायी पार्वतम्माच्या मेसचं नाव पोलीस केसमध्ये आलं. आणि ती केस लिहून घेणारी पोलीस मीच होते.

मी अफसाना, हवालदार. आता बदली होऊन नांदेडला आहे, पण दोन हजार अठरा साली लातूरला, सगळे क्लासेस भरतात त्या ट्यूशन एरियाजवळच्या ठाण्यात होते. दुपारी जेवायला पार्वतम्माकडे. माझी अम्मी कुरकुरायची, गावात घर असून पोरगी मेसमध्ये खाते, लोक काय म्हणतील. मी म्हणायचे, लोकांना एकदा अक्काची शेंगाची चटणी खाऊ दे, मग बोलू दे.

अक्का म्हणजे पार्वतम्माच. पोरी अक्का म्हणायच्या, पोरींचे आईबाप अक्का म्हणायचे, मीही म्हणायचे. अंगानं किरकोळ, आवाज मात्र मोंढ्यातल्या धान्याच्या लिलावाचा. माहेर बसवकल्याणच्या बाजूचं, त्यामुळे राग आला की कानडी आणि हिशोब करायचा झाला तरी कानडी. सासर किल्लारीच्या बाजूच्या खेड्यात. लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती तोच त्र्याण्णवचा भूकंप झाला. माळवदाच्या दगडमातीखालून लोकांनी तिला जिवंत काढलं. नवरा, सासू, दीर गेले. हे ती फारसं बोलत नाही. बोललीच तर भांडी घासता घासता, आणि भांडी जरा जोरातच आपटते.

पुढे कधीतरी एकटीच लातूरला आली. तेव्हा इथल्या क्लासेसचं नाव नुकतं गाजायला लागलं होतं. गावोगावचे आईबाप पोरांना डॉक्टर करायला ट्रंक, गादी आणि लोणच्याची बरणी देऊन सोडून जायचे. अक्कानं आधी चार पोरींना डबे दिले, मग आठ, मग जागा घेऊन खोल्याच बांधल्या. आजूबाजूला चार-चार मजली होस्टेलं उभी राहिली, काचा लागल्या, लिफ्ट आल्या. अक्काच्या खोल्या मात्र एकमजली, वर पत्रा. उन्हाळ्यात पोरी भाजून निघायच्या. एकीच्या बापानं सुचवलं, अक्का, स्लॅब टाकून घ्या की. अक्का म्हणाली, "उकडून कुणी मेलंय का आजवर? वरून दगूड पडून मेलेली म्या बघितल्यात." त्या गृहस्थानं पोरीला कूलर आणून दिला आणि विषय संपला.

आता साक्षी. साक्षी बिलोलीजवळच्या एका खेड्यातली, शेषेराव नावाच्या शेतकऱ्याची लेक. बारावी झालेली, मेडिकलच्या नीट परीक्षेला थोडक्यात हुकलेली, म्हणून परत एक वर्ष द्यायला आलेली. अशांना ट्यूशन एरियात रिपीटर म्हणतात. वय एकोणीस. पोरगी इतकी गप की महिनाभर मला वाटत होतं तिला बोलायला येतच नाही. ताटात काही वाढलं की खायची, नाही वाढलं तर उठून जायची. तिला इथे ठेवताना शेषेरावांनी एकच गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली होती: "अक्का, अभ्यास जमला तर जमला. पर पोरीच्या नावानं एक जरी शब्द माझ्या कानावर आला, तर दुसऱ्या दिवशी घरी नेणार. मग पुस्तक-बिस्तक काय न्हाई, पाव्हणे बघायचे." माणूस वाईट नव्हता. भ्यालेला होता. गावातून लातूरला शिकायला आलेली ही पहिलीच पोरगी, आणि ती परत कशी येते याकडे अख्खं गाव डोळे लावून बसलेलं.

म्हणून भागवत मागे लागला तेव्हा साक्षी कुणालाच बोलली नाही.

भागवत तिच्याच क्लासमध्ये मागच्या वर्षीपर्यंत होता, मग त्यानं क्लास सोडला आणि फिरायचं काम धरलं. चुलता अण्णाराव, मोंढ्यातला आडत व्यापारी, त्यामुळे गाडीत पेट्रोल कमी नाही. क्लासच्या ग्रुपवरून त्यानं साक्षीचा नंबर काढला. आधी "हाय", मग "नोट्स पाहिजेत का", मग "बोलत का नाहीस". ती क्लासला निघाली की हा मागे. अभ्यासिकेत बसली की समोरच्या टपरीवर. रात्री ती व्हॉट्सॲपवर शेवटची कधी दिसली हेसुद्धा बघून ठेवायचा आणि सकाळी मेसेज: "एकपर्यंत जागी होतीस. अभ्यास का दुसरं काही?" तिनं नंबर ब्लॉक केला, यानं दुसऱ्या नंबरवरून सुरू केलं. तिनं ॲटो बदलला, यानं ॲटोवाल्याला गाठून नवीन थांबा काढला. पोरगी अर्धी झाली. अक्काला वाटलं, आपल्या हातचं जेवण मानवेना. बिचारीनं आठवडाभर तिच्या भाकरीवर तुपाची धार वाढवली.

अशातच ती दुपार आली. पोरी क्लासला गेलेल्या, अक्का दारात ताट घेऊन बसलेली, आणि समोर झाडाखाली गाडी लावून एक टापटीप पोरगा उभा. अक्कानं सवयीनं हाक मारली, "या बाबा, जेवाय बसा!"

आणि तो आला की हो. बूट काढले, हात धुतले, येऊन बसला.

अक्का मला नंतर म्हणाली, "अफसाना, माझ्या जिंदगीत असं झालं न्हाई. म्या म्हणते, लोक म्हणतेत होऊ द्या. हा पठ्ठ्या मांडी घालून बसला! आता बसलेल्याला उठ कसं म्हणायचं?" तिनं वाढलं. त्यानं दोन भाकरी, आमटी, चटणी, ताक असं रीतसर जेवण केलं आणि हात पुसत विचारलं, "काकू, साक्षीची खोली कोणती?"

तेव्हा कुठे अक्काच्या डोक्यात उजेड पडला. पोरींच्या खोल्या विचारायच्या नाहीत म्हणून तिनं त्याला घालवून दिला. पण हे महाशय दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेच्या दारात साक्षीच्या मैत्रिणींना सांगायला मोकळे: "तुमच्या अक्कानं घरात बसवून जेवू घातलं. मी आता घरचाच झालो."

त्या संध्याकाळी साक्षी अक्काच्या स्वयंपाकघरात येऊन रडली आणि सगळं सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "पर पप्पाला कळू देऊ नका. मला घरी नेतेत."

दुसऱ्या दिवशी मी जेवायला गेले तर अक्कानं दार लावून घेतलेलं. दार लावून जेवणारी अक्का मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. साक्षीला माझ्यासमोर बसवलं आणि म्हणाली, "हिला कायदा सांग."

तर कायदा सांगते, आणि थोडक्यात सांगते. आमचे साहेब सांगायला बसले की चहा गार होतो. दोन हजार तेराच्या आधी पाठलागाचं असं वेगळं कलमच नव्हतं. पोरगी यायची, "तो मागं मागं येतो" म्हणायची, आणि तिला विचारलं जायचं, हात लावला का, शिवी दिली का? दोन्हीला नाही म्हणाली की कुठल्या कलमात बसवायचं याचाच प्रश्न. तेरा साली तीनशे चोपन्न ड आलं. आता नव्या कायद्यात त्याचा आकडा अठ्ठ्याहत्तर झालाय, मजकूर जवळपास तोच. नुसतं मागे चालला म्हणून गुन्हा होत नाही. तसं धरलं तर ट्यूशन एरियात सकाळी सहाला निम्मं लातूर निम्म्या लातूरच्या मागे चालत असतं. पुरुष बाईच्या मागे जातो, तिच्याशी बोलतो किंवा बोलायला बघतो, जवळीक वाढवावी म्हणून, आणि तेही पुन्हा पुन्हा, तिनं नको असल्याचं स्पष्ट दाखवल्यावरसुद्धा, तर तो पाठलाग. आणि मोबाईलवर, इंटरनेटवर तिच्यावर पाळत ठेवणं हाही पाठलागच. पोलीस कुणावर गुन्हा रोखायला नजर ठेवतात ते त्यात येत नाही, आणि त्या वेळी तसं वागणं रास्त होतं असं तो पटवून देऊ शकला तर तेही नाही. पहिल्यांदा सिद्ध झालं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण जामीन मिळतो. दुसऱ्यांदा केलं तर पाच वर्षांपर्यंत, आणि मग जामीन हक्कानं मिळत नाही.

साक्षी ऐकत होती. "जामीन मिळतो" ऐकून तिचा चेहरा पडला. मी म्हटलं, "जामीन म्हणजे माफी नाही गं. फाईल उघडली की तो एकदा आमच्या नजरेत आला."

"आन पप्पा?"

"तू अठराच्या वर आहेस. तक्रार तुझी, सही तुझी. बापाला कळवायचं असा काही नियम नाही. तू लहान असतीस तर गोष्ट वेगळी, तिथे दुसराच कायदा लागतो."

अक्का मध्ये बोलायला बघत होती, मी डोळ्यांनी दटावलं. शेवटी साक्षी म्हणाली, "चला." एवढंच. लगेच चपलाच घालायला लागली; मीच म्हटलं, उद्या दुपारी ये, तोवर त्या पोराला बोलावणं पाठवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का तिला घेऊन ठाण्यात आली. येताना हातात माझा डबा. ठाण्यात जायचं म्हणून काय झालं, अफसाना उपाशी का राहील! असली तक्रार महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची असते, म्हणून मी लिहायला बसले. सगळं सरळ चाललं होतं. तारखा, नंबर, ॲटो, अभ्यासिका. मग मी विचारलं, "तू त्याला नको म्हणून स्पष्ट सांगितलंस का?"

"न्हाई."

"काहीच नाही?"

"मी पोरांशी बोलत नसते, मॅडम."

माझी लेखणी थांबली. कलमाचा कणाच तो. तेवढ्यात दारातून अण्णाराव आले, मागे भागवत. त्याला आधी बोलावणं पाठवलं होतं, तर हा चुलत्याला पुढे करून आला. अण्णाराव तसे चारचौघांत वावरणारे गृहस्थ. पांढराशुभ्र शर्ट, बोटात दोन अंगठ्या. साहेबांना रामराम केला, खुर्ची ओढून घेतली.

"साहेब, पोरं हायत, मागंपुढं करणारच. पर एक इचारतो. हिच्याच घरमालकिणीनं माझ्या पुतण्याला घरात बसवून दोन भाकरी खाऊ घातल्या. खरं हाय का न्हाई, इचारा त्या बाईला. मग ही नापसंती म्हणायची का पसंती?"

साहेबांनी अक्काकडे पाहिलं. खोटं बोलायचा तिचा पिंड नाही.

"हाव," ती म्हणाली. "म्या म्हणलं जेवाय बसा. ताकबी दिलं."

ताकाचं कुणी विचारलंसुद्धा नव्हतं! मी कपाळाला हात लावला. भागवत भिंतीला टेकून हसायला लागला. साक्षी खाली बघत होती, आणि मला दिसत होतं की ती मनातल्या मनात कपडे भरायला लागलेली आहे. साहेबही जरा मागे टेकले. म्हणाले, "यात तथ्य आहे, हवालदार. तिकडचा वकील हेच धरून बसेल."

अक्काचा चेहरा उतरला होता. घाबरली किंवा वाईट वाटलं की तिचे हात आपोआप कामाला लागतात. तिनं बाकावर माझा डबा ठेवला, झाकण काढलं, भाकर मोडून झाकणावर ठेवली, आणि मान वर करून सगळ्यांना, अगदी अण्णारावांनाही, म्हणाली, "या, जेवाय बसा."

"होऊ द्या, होऊ द्या," अण्णाराव पटकन म्हणाले, "आमचं आत्ताच झालं."

साहेबही तेच म्हणाले. लेखनिकही तेच म्हणाला. भिंतीशी बेड्या घालून बसवलेला एक मोटरसायकल चोर होता, तोसुद्धा म्हणाला, "होऊ द्या, मावशी."

मी अण्णारावांना विचारलं, "काका, बोलावलं तर बसत का नाही?"

"अहो म्हणायची रीत असती ती. असं कुणी खरंच जाऊन बसतं का?"

बोलून गेले आणि मग त्यांना कळलं आपण काय बोललो. साहेब आधी हसले. मग लेखनिक. चोर तर इतका हसला की त्याला दम द्यावा लागला. अक्काला बराच वेळ समजेना की आपण असं काय केलं. तिनं खरोखरच जेवायला बोलावलं होतं.

"आणि काका," मी हसू आवरून म्हटलं, "अक्कानं पाट-पाणी करून बोलावलं असतं तरी ते अक्काचं बोलावणं. ज्या बाईच्या मागं गेला तिची नापसंती असं कायद्यात आहे. तिच्या घरमालकिणीची पसंती विचारलेली नाही."

मग मी साक्षीकडे वळले. प्रश्न तोच, पण आता वेगळा विचारला. "तू बोलली नाहीस. मग केलंस काय?"

तिनं सांगितलं. नंबर ब्लॉक केला, ॲटो बदलला, मागच्या गल्लीनं जायला लागले, फाटकाला चॉकलेटचा डबा अडकवला होता तो मैत्रिणीच्या हातानं परत दिला. आणि मग जरा थांबून, काही फार महत्त्वाचं नाही अशा आवाजात, म्हणाली, "आन मेसेज केलता एक."

"कसला मेसेज?"

तिनं फोन पुढे केला. त्यावर होतं: "मला तुमच्याशी बोलायचं नाही. परत मेसेज करू नका. माझ्या मागे येऊ नका." त्याखाली त्याचे चाळीसेक मेसेज.

"अगं बाई! हे मघाशी का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं सांगितलंस का. मी तोंडानं न्हाई सांगितलं. पोरांशी बोलत नसतेत ना."

असं आहे आमच्याकडे. चांगल्या घरची पोरगी पोराशी बोलत नाही, हे तिच्या इतकं हाडात मुरलेलं की लिहून "नको" म्हटलेलं तिनं स्वतःच हिशोबात धरलं नव्हतं. मला एकाच वेळी तिचा राग आला आणि तिला कुशीत घ्यावंसं वाटलं. ठाण्यात दोन्ही करता येत नाही, म्हणून मी लिहायला घेतलं.

गुन्हा दाखल झाला. भागवतला जामीन मिळाला. पुढे न्यायालयात केस चालली, त्याला दंड झाला, थोडी शिक्षाही झाली, आणि ट्यूशन एरियातल्या पोरांना पहिल्यांदाच कळलं की मागे लागण्याला कलम आहे. ते सगळं नंतर, सावकाश, न्यायालयाच्या चालीनं झालं. पण खरी अडचण त्याच आठवड्यात उभी राहिली, कारण अण्णारावांनी ठाण्यातून बाहेर पडल्याबरोबर कुणाकडून तरी नंबर काढून बिलोलीला फोन केला. "तुमच्या पोरीनं आमच्या पोराचं नाव खराब केलं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं शेषेराव हजर. अक्काचा मला फोन, आवाज नेहमीच्या निम्मा: "अफसाना, लवकर ये." मी पोचले तेव्हा ते मेसच्या बाकावर बसले होते, टोपी हातात. ओरडत नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मॅडम, तुमी तुमचं काम केलाव," ते मला म्हणाले. "आता मी माझं करतो. साक्षी, कपडे भर. दुपारच्या गाडीची दोन तिकिटं काढतो."

मी त्यांना समजावलं. तो पोरगा आता जवळ फिरकणार नाही, आम्ही आहोत, परीक्षा मेमध्ये आहे. ते प्रत्येक वाक्याला "हाव" म्हणत होते आणि तसूभर हलत नव्हते. अक्का बाजूला उभी होती. मग ती खाली, त्यांच्यासमोर फरशीवर बसली.

"शेषेराव भाऊ, माझा बाप बी आलता. भूकंपानंतर. टेम्पो करून आलता मला न्यायला. लई माया होती त्याची. म्हणला, पारू, चल, हितं आता काय ऱ्हायलंय तुझं. खरंच काय ऱ्हायलं नव्हतं. गेले. सात-आठ वर्षं बसले त्याच्या ओसरीवर. खायाला कमी न्हाई, ल्यायाला कमी न्हाई. पर पारू, तुला काय करायचंय असं कुणी इचारलं न्हाई. आन म्या बी बोलले न्हाई. बापाला उलटं कसं बोलायचं?"

"मग लातूरला कशा आलाव?"

"तो मेल्यावर आले," अक्का म्हणाली. "त्याच्या मरणाची वाट बघितली का म्या, असं वाटतंय कधी कधी. लई वाईट वाटतंय."

इतकी वर्षं तिच्या हातचं खाल्लं, पण हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी भांडी नव्हती, आपटायला काही नव्हतं.

"तुमची गोष्ट येगळी हाय, अक्का," शेषेराव म्हणाले. "तुमच्यावर आभाळ कोसळलं. हिला मी वेळेवर न्यायलो." आणि त्यांनी परत सांगितलं, "साक्षी, भर."

साक्षी खोलीच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही; मला बघवेना.

"मी येणार न्हाई, पप्पा."

आवाज बारीक होता, पण एकेक शब्द सुटा सुटा ऐकू आला. शेषेरावांनी मान वर केली.

"चूक त्यानं केली," ती म्हणाली. "त्यो लातुरातच हाय. मग मी का घरी यायचं? मला शिकायचंय. मी येणार न्हाई."

ती त्यांच्याकडे बघत होती, खाली नाही. ही पोरगी त्यांना जन्मात कधी नको म्हणाली नव्हती. दुसरी भाकर नको असली तरी गुपचूप खायची, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. ते तिच्याकडे बघतच राहिले, जणू घरात कुणी नवीन माणूस आलंय आणि त्याला ओळखायचं आहे. बाहेर ॲटो येत-जात होते, कुणाची तरी स्कूटी चालू होत नव्हती.

मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, मी हिला दिवसातून धा फोन करतो. जेवलीस का, कुठं हायस. ते बी बसतंय का तुमच्या कलमात?"

"नाही बसत," मी म्हटलं. "पण दोनवर आणा."

त्यांनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली, उठले. दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "मग एकच तिकीट काढतो."

साक्षी त्यांना सोडायला त्यांच्या मागे स्टँडपर्यंत गेली. मी अक्काला उठवायला हात पुढे केला. ती उठली नाही. तशीच फरशीवर बसून पदरात तोंड घालून रडायला लागली, मोठ्यानं, पोरींना ऐकू जाईल याची पर्वा न करता.

"एवढंच बोलायचं होतं गं," ती म्हणाली. "एवढंच तर होतं."